लोहाभोवतीचे चार नायट्रोजन: ऑक्सिजनच्या क्षपणासाठी बृहद्वलयी उत्प्रेरक

ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात देशी बनावटीच्या हायड्रोजन इंधन घटावर चालणाऱ्या बसचे उद्घाटन झाले. केपीआयटी ही इथली कंपनी आणि सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळा, त्यांतही पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, यांनी मिळून ते तंत्र उभे केले होते. त्या वेळच्या बातम्यांत सगळा भर हायड्रोजनवर होता. तो कसा मिळवायचा, कसा साठवायचा, किती महाग पडेल, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु घटाच्या आत डोकावले तर असे दिसते की घोडे अडते ते हायड्रोजनपाशी नव्हे, तर हवेतून फुकट मिळणाऱ्या ऑक्सिजनपाशी. हा लेख त्या अडलेल्या पायरीविषयी आणि ती ओलांडण्यासाठी गेली साठ वर्षे अभ्यासल्या जात असलेल्या एका विशिष्ट कुळातील उत्प्रेरकांविषयी आहे.

इंधन घटाची रचना तत्त्वतः साधी असते. दोन इलेक्ट्रोड आणि त्यांच्यामध्ये एक पातळ पटल. एका बाजूला हायड्रोजन येतो, आपले इलेक्ट्रॉन सोडतो आणि प्रोटॉन बनून पटलातून पलीकडे जातो. सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून, वाटेत मोटर चालवून, दुसऱ्या इलेक्ट्रोडवर पोहोचतात. तिथे ऑक्सिजनचा रेणू चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. इलेक्ट्रॉन घेण्याच्या या क्रियेला क्षपण म्हणतात, म्हणून ही ऑक्सिजनची क्षपण अभिक्रिया. हायड्रोजनची बाजू प्लॅटिनमवर विलक्षण वेगाने चालते. ऑक्सिजनची बाजू त्याच प्लॅटिनमवर कित्येक लाख पटींनी मंद असते.

ही मंदता ऑक्सिजनच्या घडणीतच आहे. त्याचे दोन अणू ज्या दुहेरी बंधाने जोडलेले आहेत तो तोडायला दर मोलमागे सुमारे ४९८ किलोज्यूल ऊर्जा लागते. शिवाय या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीविना, एकाच दिशेच्या फिरकीने असतात आणि त्यामुळे जोडीने आलेले इलेक्ट्रॉन तो सहजी स्वीकारत नाही, तर एकटा पहिला इलेक्ट्रॉन घेणे ऊर्जेच्या हिशेबात त्याला परवडत नाही. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असूनही झाडे, लाकूड, कापड आणि आपण स्वतः आपोआप पेट घेत नाही, याचे मोठे श्रेय या अनिच्छेला द्यावे लागते. जीवसृष्टीला वाचवणारा हा गुण इंधन घटात मात्र आड येतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या घटाने सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट द्यायला हवेत. प्रत्यक्षात भरपूर प्रवाह घेताना ०.६ ते ०.७ व्होल्ट हाती लागतात आणि या तोट्याचा सर्वांत मोठा वाटा ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवरचा असतो. हरवलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते.

ही अभिक्रिया केवळ भविष्यातल्या वाहनांची नाही. पावसाळ्यात लोखंडी फाटकावर गंज चढतो तेव्हा लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन ओलाव्यात विरघळलेला ऑक्सिजनच घेत असतो. श्रवणयंत्रात घालतात तो शर्टाच्या गुंडीएवढा गोल सेल हे आणखी जवळचे उदाहरण. त्याच्या एका बाजूला रंगीत चिकटपट्टी असते आणि ती सोलली की खाली सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात. पट्टी काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल यंत्रात घालावा असे सांगतात, कारण तेवढ्या वेळात हवा आत शिरते आणि ऑक्सिजनचे क्षपण सुरू होते. आतल्या जस्ताला इलेक्ट्रॉन द्यायला जोडीदार मिळतो तो तेव्हा. एकदा हवा लागलेला सेल पट्टी पुन्हा चिकटवून पूर्ववत होत नाही, हेही आजी-आजोबांच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या घरांत ठाऊक असते.

ऑक्सिजनच्या क्षपणाला दोन वाटा आहेत आणि पुढचे सारे विवेचन त्या दोन वाटांभोवती फिरते. पहिल्या वाटेने ऑक्सिजन चार इलेक्ट्रॉन घेतो, दोन अणूंमधला बंध तुटतो आणि पाणी मिळते. दुसऱ्या वाटेने तो दोनच इलेक्ट्रॉन घेतो, बंध शाबूत राहतो आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ही दुसरी वाट सुमारे ०.७ व्होल्टची, म्हणजे मुळातच कमी ऊर्जा देणारी. इंधन घटात तिचा दुहेरी फटका बसतो, कारण निम्मेच इलेक्ट्रॉन कामी येतात आणि तयार झालेले पेरॉक्साइड पटलाला व कार्बनला कुरतडते. चांगल्या उत्प्रेरकाने ऑक्सिजनला वेगाने आणि त्याच वेळी पहिल्या वाटेने न्यावे, अशी अपेक्षा असते. प्लॅटिनम हे काम बरेच चांगले करते, पण जगातले बहुतांश प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून येते आणि त्याच्या किमतीविषयी निराळे सांगायला नको.

इथे बृहद्वलयी संयुगे येतात. कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचे एक मोठे, सपाट वलय कल्पावे, ज्याच्या मध्यभागी चार नायट्रोजन अणू आतल्या बाजूला तोंड करून चौकोनात बसलेले आहेत. त्या चौकोनात धातूचा एक अणू, लोह, कोबाल्ट, मँगनीज, तांबे किंवा अन्य कोणताही, बरोबर मावतो. सोनार खड्याला कोंदणात बसवतो तसा हा अणू चारही बाजूंनी धरलेला असतो, परंतु वरची आणि खालची बाजू मोकळी राहते आणि तिथेच ऑक्सिजनला येऊन चिकटायला जागा मिळते. या कुळातली दोन मुख्य घराणी म्हणजे पॉर्फिरीन आणि थॅलोसायनीन. रक्तातल्या हीममध्ये पॉर्फिरीन आणि लोह, पानांतल्या हरितद्रव्यात त्याचेच जवळचे भावंड आणि मॅग्नेशियम, ब-१२ जीवनसत्त्वात किंचित आखूड वलय आणि कोबाल्ट. थॅलोसायनीन मात्र निसर्गात सापडत नाही, ते माणसाने घडवले आणि तेही बऱ्याच अंशी अपघाताने.

१९२८मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात थॅलिमाइड बनवताना पात्राच्या आतल्या काचेच्या अस्तराला तडा गेला, मिश्रणाचा बाहेरच्या लोखंडाशी संबंध आला आणि पांढऱ्या मालात गडद निळा पदार्थ दिसू लागला. तो लोह थॅलोसायनीन होता. लंडनमध्ये लिन्स्टेड यांनी १९३०च्या दशकात त्याची रासायनिक रचना उलगडली आणि रॉबर्टसन यांनी क्ष-किरणांनी ती पक्की केली. लोहाऐवजी तांबे घातले की मिळणारा निळा रंग इतका पक्का निघाला की आज छपाईची शाई, भिंतीचा रंग, प्लास्टिक, सगळीकडे तोच असतो. थॅलिक अॅनहायड्राइड, युरिया, तांब्याचा क्षार आणि किंचित मॉलिब्डेट २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तो टनावारी बनतो. पुण्यात मुख्यालय असलेली आणि रोहा व महाडला कारखाने असलेली सुदर्शन केमिकल ही याच रंगद्रव्यांच्या व्यवसायातली कंपनी आहे. मुद्दा असा की हे वलय प्रयोगशाळेत जपून ठेवायची दुर्मीळ वस्तू नाही. ते बनवणे आपल्या परिसरातल्या रसायन उद्योगाच्या हातचा मळ आहे आणि प्लॅटिनमला पर्याय शोधताना या गोष्टीचे मोल फार आहे.

१९६४मध्ये रेमंड जॅसिन्स्की यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध केला. कोबाल्ट थॅलोसायनीन लावलेला इलेक्ट्रोड अल्कधर्मी द्रावात ऑक्सिजनचे क्षपण करतो, असे त्यांनी दाखवले होते. मौल्यवान धातूचा कणही नसलेला, रंगाच्या कुळातला एक रेणू हे काम करतो ही बाब तेव्हा नवी होती आणि या विषयाचा आरंभ सर्वसाधारणपणे त्या लेखापासून मानला जातो. आश्चर्य वाटावे असे त्यात खरे तर थोडेच होते, कारण निसर्ग हेच काम कोट्यवधी वर्षे करत आला आहे. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ९० टक्के ऑक्सिजन पेशींमधल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या विकराशी येऊन संपतो. त्या विकराच्या गाभ्यात हीममधले लोह आणि त्याच्या समोर तांब्याचा एक अणू असतो. तिथे ऑक्सिजनला चारही इलेक्ट्रॉन मिळतात, पाणी बनते आणि वाटेतले अर्धवट, घातक पदार्थ जवळजवळ बाहेर निसटत नाहीत. हे सर्व शरीराच्या तापमानाला, प्लॅटिनमशिवाय.

या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथेच आहे आणि ती नीट समजली की बाकीचे तपशील आपोआप जागेवर बसतात. हीमोग्लोबिन आणि कॅटॅलेज या दोन प्रथिनांत अगदी एकच हीम असते, तेच वलय, तेच लोह. तरीही हीमोग्लोबिन ऑक्सिजनला धरते, वाहून नेते आणि जसाच्या तसा सोडून देते, तर कॅटॅलेज पेरॉक्साइडचे तुकडे करते. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो फेस येतो तो याच कॅटॅलेजमुळे. एका धातूची, एका वलयाची अशी दोन भिन्न वर्तने का? कारण लोहाच्या पाचव्या बाजूला, म्हणजे वलयाच्या खालून, हीमोग्लोबिनमध्ये हिस्टिडीन या अमिनो आम्लाचा नायट्रोजन जोडलेला असतो आणि कॅटॅलेजमध्ये टायरोसीन या अमिनो आम्लाचा ऑक्सिजन. शिवाय भोवतालची पोकळी, तिथले आम्ल-अल्क गट, पाण्याला मिळणारी वाट हे सर्व निराळे असते. म्हणजे उत्प्रेरक कोणता, या प्रश्नाला ‘लोह’ हे उत्तर पुरेसे नाही. लोह, त्याला धरणारे चार नायट्रोजन, खालून आधार देणारा पाचवा अणू आणि शेजारपाजार, हे सगळे मिळून एक उत्प्रेरक होतो. बृहद्वलयांच्या अभ्यासाने विद्युतरसायनाला दिलेली खरी देणगी ही आहे, असे माझे मत आहे. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर नेमका कोणता अणू काय करतो हे सांगणे अवघड असते, पण इथे प्रत्येक अणूचा पत्ता ठाऊक असतो आणि एकेक अणू बदलून परिणाम पाहता येतो.

आता लोह थॅलोसायनीनवर काय घडते ते पाहू. इलेक्ट्रोडकडून एक इलेक्ट्रॉन मिळून लोह त्रिसंयुजी अवस्थेतून द्विसंयुजी अवस्थेत येते. ऑक्सिजनचा रेणू एका टोकाने, थोडा तिरका होऊन त्याला चिकटतो आणि चिकटताना लोहाकडून काही इलेक्ट्रॉनभार ओढून घेतो. लोहाकडे स्वतःचे जोडीविना इलेक्ट्रॉन असल्याने ऑक्सिजनची ती फिरकीची अडचण इथे बरीचशी सुटते. मग एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन मिळून लोहाला लटकलेला ‘ऑक्सिजन-ऑक्सिजन-हायड्रोजन’ असा गट तयार होतो. हा गट म्हणजे वाटांचा फाटा. दोन ऑक्सिजनमधला बंध तुटला तर एक पाण्याचा रेणू निघून जातो आणि लोहावर एकच ऑक्सिजन दुहेरी बंधाने उरतो, ज्याचे पुढे आणखी दोन प्रोटॉन-इलेक्ट्रॉन घेऊन पाणी होते. त्याऐवजी लोह आणि ऑक्सिजनमधला बंध तुटला तर पेरॉक्साइड सुटून जाते.

लोहाऐवजी कोबाल्ट घेतला की बहुतेक वेळा दुसरी गोष्ट घडते आणि त्याचे कारण मोठे समाधान देणारे आहे. बंध तुटल्यावर धातूवर जो एकटा ऑक्सिजन उरायचा, त्याला दुहेरी बंधाने धरून ठेवणे लोहाला जमते. कोबाल्टकडे इलेक्ट्रॉन जास्त असल्याने चार नायट्रोजनच्या अशा परिसरात कोबाल्ट आणि ऑक्सिजनचा तो दुहेरी बंध टिकाव धरत नाही. पुढचा मुक्कामच उपलब्ध नसल्यामुळे अभिक्रिया पेरॉक्साइडवर थांबते. म्हणून अल्कधर्मी द्रावात लोह थॅलोसायनीन मुख्यतः चार इलेक्ट्रॉनांच्या वाटेने जाते आणि कोबाल्ट थॅलोसायनीन मुख्यतः दोन इलेक्ट्रॉनांच्या. तांबे, निकेल आणि जस्त यांची तीच वलये या कामात फार क्षीण ठरतात, त्यामुळे निळ्या शाईतला तांब्याचा रेणू कितीही स्वस्त असला तरी थेट उपयोगाचा नाही. कोबाल्टची ही सवय मात्र दोष मानू नये. हायड्रोजन पेरॉक्साइड आज मुख्यत्वे अँथ्राक्विनोन प्रक्रियेने मोठ्या कारखान्यांत बनते आणि मग वाहून न्यावे लागते. जिथे लागेल तिथेच हवा, पाणी आणि वीज यांपासून ते बनवायचे असेल, तर दोन इलेक्ट्रॉनांवर थांबणारा उत्प्रेरकच हवा.

वेगाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. धातूने ऑक्सिजनला फारच सैल धरले तर अभिक्रिया सुरू होत नाही, फारच घट्ट धरले तर तयार झालेला गट सुटत नाही आणि जागा अडून राहते, त्यामुळे उत्तम उत्प्रेरक मध्यावर असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. चिलीचे होसे सागाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक बृहद्वलयांची तुलना करून दाखवले की वलयातल्या धातूची द्विसंयुजी आणि त्रिसंयुजी अवस्थांमधली अदलाबदल कोणत्या व्होल्टेजला होते, त्यावरून त्याच्या सक्रियतेचा अंदाज बांधता येतो. आलेख काढला तर मध्ये शिखर आणि दोन्हीकडे उतार असा डोंगर दिसतो. वलयाच्या कडेला फ्लोरिनसारखे इलेक्ट्रॉन ओढणारे अणू लावले की हे व्होल्टेज वर सरकते, इलेक्ट्रॉन देणारे गट लावले की खाली. धातूला हातही न लावता, दूरच्या कडेवर बदल करून त्याचे वागणे बदलता येते.

या डोंगराच्या शिखरालाही एक मर्यादा आहे. ऑक्सिजन-ऑक्सिजन-हायड्रोजन हा गट आणि पुढे येणारा ऑक्सिजन-हायड्रोजन हा गट, दोन्ही धातूला ऑक्सिजननेच चिकटतात. त्यामुळे एकाची पकड बदलली की दुसऱ्याचीही तितकीच बदलते आणि त्यांच्यातला ऊर्जेचा फरक जवळजवळ सर्व पृष्ठभागांवर ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास राहतो. आदर्श उत्प्रेरकासाठी तो २.४६ हवा, कारण मधल्या दोन पायऱ्या प्रत्येकी १.२३च्या असायला हव्यात. हा जास्तीचा पाऊण इलेक्ट्रॉन-व्होल्ट दोन पायऱ्यांत वाटला तरी ०.३५ ते ०.४ व्होल्टचा तोटा उरतोच. प्लॅटिनमही यातून सुटत नाही.

यातून बाहेर पडायचे तर एका गटाला असा आधार द्यावा लागेल, जो दुसऱ्या गटाला मिळणार नाही. निसर्गाने लोहासमोर तांबे बसवून तेच केले आहे. स्टॅनफर्डचे जेम्स कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास दोन कोबाल्ट पॉर्फिरीन समोरासमोर, ठरावीक लांबीच्या दुव्यांनी बांधले. एकटे कोबाल्ट पॉर्फिरीन पेरॉक्साइडवर थांबते, पण या जोडीत, दोन धातूंमधले अंतर अचूक जमले तेव्हा, ऑक्सिजन मध्ये अडकून चार इलेक्ट्रॉन घेऊ लागला. दुव्याची लांबी बदलली की तो गुण गेला. खालून पाचवा अणू देण्याचा उपायही पुढे अनेकांनी केला. कार्बनच्या नळ्यांवर पिरिडीनचे गट लावून त्यांच्या नायट्रोजनवर लोह थॅलोसायनीन टेकवले की नुसते कार्बनवर पसरलेल्या रेणूपेक्षा ते अधिक सक्रिय आणि अधिक टिकाऊ ठरते, असे दिसून आले आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही अशा रेणवीय विद्युत-उत्प्रेरकांवर काम चालते.

हे सगळे मोजतात कसे, तेही सांगायला हवे, कारण या क्षेत्रातले अर्धेअधिक वाद मोजमापातूनच निघतात. पाच मिलिमीटर व्यासाची काचेसारख्या कार्बनची चकती ओल्या कापडावर अॅल्युमिनाच्या बारीक भुकटीने, इंग्रजी आठाच्या आकारात हात फिरवत, आरशासारखी घासतात. उत्प्रेरकाची पूड आयसोप्रोपेनॉल आणि नॅफिऑन या पूड धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) थोड्या द्रावात घालून ध्वनिलहरींच्या टाकीत हलवतात, तिची काळी शाई बनते आणि पिपेटने तिचे काही मायक्रोलिटर चकतीवर सोडून वाळू देतात. कडेला जाड आणि मध्ये विरळ असा थर बसला तर ती चकती बाद. नंतर ती ऑक्सिजनने भरलेल्या द्रावात मिनिटाला बहुधा १६०० फेऱ्यांनी फिरवतात. चकतीभोवती प्लॅटिनमचे बारीक कडे असते. चकतीवर तयार झालेले पेरॉक्साइड फिरण्यामुळे बाहेर फेकले जाते, कड्यावर पोहोचते आणि तिथे त्याचे ऑक्सिडीकरण होऊन वेगळा प्रवाह मिळतो. चकतीचा आणि कड्याचा प्रवाह यांच्या गुणोत्तरावरून सरासरी किती इलेक्ट्रॉन घेतले गेले हे काढता येते.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. थर जाड असेल तर पेरॉक्साइड बाहेर पडण्याआधी थरातच पुन्हा क्षपित होते आणि कड्याला त्याचा पत्ता लागत नाही. मग आकडा ३.९ किंवा ३.९८ असा देखणा येतो, पण एकेका धातूच्या जागी खरोखर चार इलेक्ट्रॉन घेतले गेले असे त्यातून सिद्ध होत नाही. दुसरे म्हणजे, परिपथ पूर्ण करणारा सहायक इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा असेल तर त्यातून सूक्ष्म प्रमाणात प्लॅटिनम विरघळून चकतीवर जमू शकते आणि ‘प्लॅटिनमविरहित’ उत्प्रेरकाची कामगिरी त्यामुळे सुधारलेली दिसते. म्हणून तिथे ग्रॅफाइटची कांडी वापरावी, असा कटाक्ष असतो. एखाद्या बातमीत किंवा शोधनिबंधात थराची जाडी आणि सहायक इलेक्ट्रोड यांचा उल्लेखच नसेल, तर त्यातला इलेक्ट्रॉनांचा आकडा हातचा राखूनच वाचावा.

आम्लधर्मी घटात, म्हणजे आजच्या वाहनांत वापरतात त्या प्रोटॉन पटलाच्या घटात, मूळ स्वरूपातली बृहद्वलये फार काळ तग धरत नाहीत. प्रोटॉन आतल्या नायट्रोजनांवर चढून धातूला बाहेर ढकलतात, तर पेरॉक्साइड वलयच फोडते. १९७०च्या दशकात असे लक्षात आले की कार्बनवर पसरलेले बृहद्वलय निष्क्रिय वायूत भट्टीत भाजले की त्याची सक्रियता आणि टिकाऊपणा दोन्ही वाढतात. ५०० ते ७०० अंशांपर्यंत वलयाचा बराचसा गाभा शिल्लक राहतो, ८००च्या पुढे ते मोडते, आणि तरीही उत्प्रेरक चांगले काम करत राहतो. मग काम नेमके कोण करते? या प्रश्नावर पुढची कित्येक दशके मतभेद राहिले. १९८९मध्ये अर्नेस्ट येगर यांच्या गटाने दाखवले की महागडे वलय मुळात लागतच नाही. लोहाचा किंवा कोबाल्टचा साधा क्षार, नायट्रोजन असलेले एखादे बहुवारिक आणि कार्बन एकत्र भाजले तरी तसाच पदार्थ मिळतो. पुढे २००९मध्ये कॅनडात दोदले यांच्या गटाने आणि २०११मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने हीच वाट धरून प्लॅटिनमच्या बऱ्याच जवळ जाणारे लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक बनवले.

२०१५च्या सुमारास क्ष-किरण शोषण आणि मॉसबाउअर वर्णपटविज्ञान या तंत्रांनी चित्र बरेच स्वच्छ झाले. मॉसबाउअर पद्धतीला लोहाचा ५७ वस्तुमानांकाचाच समस्थानिक दिसतो आणि नैसर्गिक लोहात तो जेमतेम दोन टक्के असतो, म्हणून नमुना मुद्दाम त्याच्यापासून बनवावा लागतो. या मापनांतून दिसले ते असे की भट्टीतून निघालेल्या काळ्या पुडीत, कार्बनच्या पापुद्र्यांमध्ये, एकेकटे लोहाचे अणू चार नायट्रोजनांनी धरलेले असतात आणि त्यांचा परिसर पॉर्फिरीनमधल्यासारखाच असतो. वलय मोडले होते, पण लोहाभोवतीचा चौकोन पुन्हा तयार झाला होता. आज अशा पदार्थांना ‘एकल अणू उत्प्रेरक’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्यांची नाळ थॅलोसायनीनशी जोडलेली आहे हे विसरता कामा नये, कारण काळ्या पुडीत काय घडते याचा अर्थ लावायला आजही शुद्ध रेणूंचाच आधार घ्यावा लागतो.

खरी गोम टिकाऊपणात आहे. कारच्या इंधन घटाने किमान ५००० तास आणि अवजड ट्रकच्या घटाने २५,००० तास चालावे, अशी उद्दिष्टे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठेवली आहेत. आम्लधर्मी घटात अनेक लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरक पहिल्या शंभरएक तासांतच निम्म्याच्या आसपास कामगिरी गमावतात. सुटलेले लोह आणि थोडेसे पेरॉक्साइड एकत्र आले की १८९४पासून ज्ञात असलेली फेंटन अभिक्रिया सुरू होते, हायड्रॉक्सिल मूलके, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेले अतिशय क्रियाशील गट, तयार होतात आणि ती कार्बन, नायट्रोजनचा चौकोन आणि शेजारचे पटल या सगळ्यांवर तुटून पडतात. म्हणजे थोडी झीज आणखी झिजेला कारण होते. त्यात भर म्हणजे या पुडीत लोह वजनाने दोन-तीन टक्क्यांवर नेणे अवघड असते, जास्त घातले तर ते एकत्र येऊन त्याचे कण बनतात. मग कमी घनतेची भरपाई करायला इलेक्ट्रोडचा थर प्लॅटिनमच्या थरापेक्षा साधारण दहापट जाड घ्यावा लागतो आणि त्या जाडीतून ऑक्सिजन आत जाणे व पाणी बाहेर पडणे कठीण होते. सक्रियतेचे नवे उच्चांक दरमहा छापून येतात, पण अशा निबंधांत शंभर तासांनंतरचा आलेख क्वचितच पाहायला मिळतो आणि मला ही या क्षेत्राची मोठी उणीव वाटते.

अल्कधर्मी माध्यमात परिस्थिती बरीच बरी आहे. तिथे धातूला ढकलून बाहेर काढायला प्रोटॉन जवळपास नसतात, फेंटन अभिक्रियेचा जोर कमी असतो आणि लोहाची सक्रियता प्लॅटिनमच्या तोडीस तोड जाते. त्यामुळे या उत्प्रेरकांना पहिली व्यवहार्य जागा जस्त-हवा बॅटरीत आणि हायड्रॉक्साइड वाहणाऱ्या पटलांच्या घटांत मिळेल, असा माझा अंदाज आहे. अर्थात तिथली अडचण वेगळी आहे. हवेबरोबर कार्बन डायऑक्साइडही आत येतो, पोटॅशियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट बनतो, त्याचे स्फटिक इलेक्ट्रोडच्या सूक्ष्म छिद्रांत साचतात आणि ऑक्सिजनची वाट बुजते. श्रवणयंत्राचा सेल काही आठवड्यांतच संपत असल्याने तिथे हे फारसे जाणवत नाही. घराची वीज साठवण्याइतकी मोठी जस्त-हवा बॅटरी बनवायची, तर आत येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी काढावा लागेल किंवा द्रव वरचेवर बदलावा लागेल, आणि तो खर्च लोह थॅलोसायनीनमुळे झालेल्या बचतीतून वजा करूनच हिशेब मांडावा लागेल.